घास अडकतो म्हणून

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

मी बरी आहे, हे आधी. घास सरळ खाली उतरतो. आई, सगळं झाल्यावर कळवलं म्हणून रागावू नकोस. आधी सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती, आणि इतक्या लांबून तू करणार तरी काय होतीस?

आजार अकॅलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप गिळताना सैल पडत नाही, नळीही घास पुढे ढकलत नाही. नाकातून बारीक नळी घालून गिळतानाचा दाब मोजतात, त्या मॅनोमेट्रीत नक्की कळलं. मग तोंडावाटे दुर्बीण घालून झडपेचा स्नायू आतून कापला. पोटावर एक टाका नाही. आता आम्ल वर येऊ शकतं, म्हणून गोळी चालू आहे, एवढंच.

इथलं एक मात्र मला अजून पटत नाही. एंडोस्कोपीनंतर, म्हणजे दुर्बीण घालून तपासल्यावर, एकटीला सोडतच नाहीत. मी शुद्धीवर, चालतेबोलते, तरी नाही. सोबत्याचं नाव, फोन आधीच लिहून घेतात. तो माणूस आत येऊन समोर उभा राहायला हवा. टॅक्सीवाला चालत नाही. गुंगीच्या औषधानंतर २४ तास स्वतःच्या अंदाजावर भरवसा ठेवू नये म्हणतात. शेवटी ऑफिसातली मैत्रीण आली. तिथे तुमची फार आठवण आली, पण तिने सगळं प्रेमाने केलं हं.

बाबा, आता तुमचं. ‘नुसती ॲसिडिटी’ म्हणू नका. मला पहिल्यापासून पाणीही अडकायचं. तुम्हाला आधी कोरडा घास अडकायचा, आता मऊही अडकतो, शिवाय वजन उतरलंय. म्हणजे नळी अरुंद झाली असावी. वर्षानुवर्षं आम्ल वर आल्याने तसं होतं, आणि ती दुर्बिणीतूनच रुंदही करता येते. पण गाठ नाही ना, हे एंडोस्कोपीत तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. याच आठवड्यात करा. आणि छातीत दुखलं तर आधी ईसीजी.

माझं बहुतेक बिल विम्यातून गेलं. सोबत पाठवलेले पैसे बाबांच्या तपासणीचे आहेत, माझ्या लग्नासाठी बाजूला टाकू नका. त्या स्थळाला आजाराचं सांगून टाक, आई. हा सहसा घराण्यातून येत नाही, हेही सांग. तरी नको म्हणाले तर म्हणू देत. यंदा सुट्टी सगळी दवाखान्यात गेली, त्यामुळे येणं जमणार नाही. बाबांची तारीख ठरली की लगेच कळवा.

तुमची,
धाकटी