बाबा, तेवढं मृत्युपत्र करून टाका

स्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी पडलीय, पण घर गरम असतं आणि डबा रोज नेते. आईने काळजी करू नये.

रविवारी मृत्युपत्राचं नाव काढलं आणि बाबा, तुम्ही "एवढी घाई झाली का तुला?" म्हणत फोन आईकडे दिलात. घाई मुळीच नाही. मला त्या घरातलं काही नको, हे आधीच लिहिते. फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून पत्र.

इथे हा विषय चहाच्या टेबलावर निघतो. घरमालकीणबाईंनी परवा माझ्यासमोर केक कापता कापता मुलाला विचारलं, आजोबांचं घड्याळ तुला की बहिणीला? लगेच कागद आणून खाली एक ओळ वाढवली, तारीख घातली, सही केली. सगळं स्वतःच्या अक्षरात. घरी केलेलं मृत्युपत्र इथे पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत हातानेच लिहावं लागतं. टाइप करून नुसती सही केली तर ते धरत नाहीत. साक्षीदार मात्र एकही लागत नाही! हवं तर कोर्टात जपायला देता येतं. मला आधी खरंच वाटेना. आपल्याकडे टाइप केलेलं चालतं, पण साक्षीदार दोन हवेतच.

तुम्ही म्हणता, सोसायटीत दादाचं नॉमिनेशन आहे, विषय संपला. नाही संपत, बाबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर सोसायटीच्या कायद्यातही तो तात्पुरता सभासद आहे, आणि कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मुलुंडचा फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर, तुमच्या कमाईचा. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आई, आजी, दादा आणि मी, प्रत्येकी पाव हिस्सा. पुढे आजीच्या वाट्यात काका आणि आत्याही येणार. सगळी आपलीच माणसं, पण आईने स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी दारोदार सह्या का गोळा करायच्या? त्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर माझ्या सहीसाठी कागद म्युनिकच्या कॉन्सुलेटपर्यंत फिरणार.

स्टॅम्प पेपर लागत नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, तरी करून घ्या. शेजारचे काका आणि आपले डॉक्टर साक्षीदार म्हणून चालतील, तुमची सही त्यांच्यासमोर व्हायला हवी. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नका. मन बदललं तर नवीन करा, शेवटचं केलेलंच धरतात. घर आईला द्या आणि आजीची सोय त्यातच लिहा.

गणपतीला आले नाही, दिवाळीलाही जमेलसं दिसत नाही. आरतीच्या व्हिडिओ कॉलवर तुम्हाला लागलेला दम ऐकला, बाबा. आई म्हणाली जिना चढून आलेत. मला ते डोक्यातून जात नाही.

आईच्या मोतीबिंदूचे पैसे पाठवलेत, ते एफडीत टाकू नका, ऑपरेशन करा. ठाण्याच्या मुलाशी दोनदा बोलले, बरा वाटला. बोलणी पुढे न्या, पण दागिन्यांसाठी काही मोडायचं नाही, माझं मी बघेन. फेब्रुवारीत रजा मिळेल. वकिलांकडे जायचं असेल तर तेव्हा मी बरोबर येईन, त्याआधीच उरकलंत तर फारच बरं.

तुमची,
मनू