ठिबकच्या नळीपलीकडचा किबुत्झ

महोदय,

इस्रायली शेतीचे आपल्याकडील कौतुक बहुधा ठिबकच्या नळीपाशी येऊन थांबते. नेगेव्ह वाळवंटातील हात्झेरिम या किबुत्झने, म्हणजे सामुदायिक शेतीवसाहतीने, १९६५ मध्ये तिचे उत्पादन हाती घेतले हे खरेच. पण किबुत्झ हा मुळात एकत्र जगण्याचा प्रयोग होता, याची आठवण क्वचितच निघते. गॅलिली सरोवराकाठी १९१० मध्ये दगानिया ही पहिली किबुत्झ-वसाहत वसली, तेव्हा जमीन ज्यूंच्या वसाहतींसाठी जमिनी घेणाऱ्या ज्यू राष्ट्रीय निधीची, तर अवजारे, जनावरे आणि मिळकत सर्वांची होती. पुढे वाढलेल्या किबुत्झांत जेवण एकाच भोजनगृहात होई आणि सामाईक धुलाईघरातून परतणाऱ्या सदऱ्यावर सभासदाचा क्रमांक असे. बहुतेक ठिकाणी मुले रात्री आईवडिलांजवळ न झोपता बालगृहात झोपत, आणि माझ्या मते या व्यवस्थेची शिवण पहिल्यांदा तिथेच उसवली, कारण मुलांना घरी झोपवण्याचा आग्रह पुढे मातांनीच धरला. १९८०च्या दशकातील भडकलेली महागाई आणि कर्जे यांनी उरलेले काम केले. खुद्द दगानियानेही २००७ मध्ये कामानुसार वेगवेगळा मोबदला स्वीकारला. आपल्या अभ्यासदौऱ्यांत (ते निघतात पुष्कळ!) शेताइतकाच वेळ त्या भोजनगृहालाही द्यावा, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, नाशिक