भेटवस्तूंची यादी किमतीवरून का लावावी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की दैनिकांच्या पुरवण्यांतून नाताळच्या भेटवस्तूंच्या याद्या येऊ लागतात, तशी यंदा आपल्या पुरवणीतही आली. पाचशे रुपयांच्या आत, हजाराच्या आत, पाच हजारांच्या आत अशा पायऱ्यांनी ती लावलेली होती आणि प्रत्येक पायरीवर कॉफीचे मग, सुगंधी मेणबत्त्या, हेडफोन, मनगटी घड्याळे यांची सुबक छायाचित्रे होती. यादी करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, याबद्दल मला शंका नाही. परंतु भेट किती रुपयांची, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. ज्याला ती द्यायची त्याचे बोलणे आपण वर्षभर ऐकले आहे का, हा पहिला प्रश्न, आणि किमतीवर बेतलेली यादी तोच वाचकाच्या मनातून पुसून टाकते. हे मी स्वतः चुकून शिकलो आहे, म्हणून लिहीत आहे.

मी रेल्वेतून निवृत्त झालो, पत्नी परिचारिका होती. २०१८ चा नाताळ हा आम्हा दोघांचा घरातला पहिलाच एकटा नाताळ होता. मुलगी पुण्याला, मुलगा परदेशात, आणि दोघांनाही त्या वर्षी येणे जमले नव्हते. नागपुरात त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती की २९ डिसेंबरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. पत्नी दरवर्षी केकचे मिश्रण घरी कालवते, त्यात संत्र्याची साल बारीक किसून घालते आणि डबे घेऊन वस्तीतल्या बेकरीच्या भट्टीवर जाते. या वयात, एवढ्या थंडीत तिला तिथे तासन् तास थांबावे लागू नये, असे माझ्या मनाने घेतले आणि मोठ्या सवलतीत मिळतो म्हणून मी ऑनलाइन एक चांगला महागडा ओव्हन मागवला. तिने तो पाहिला, "छान आहे हो," म्हणाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा डबे घेऊन भट्टीवर गेली.

मला वाईट वाटले. कारण विचारले तेव्हा कळले की भट्टीवरचे ते दोन-तीन तास म्हणजेच तिचा नाताळ होता. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून तिथे वस्तीतल्या बायका बाकावर बसतात, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, कोणाच्या केकला यंदा तडा गेला, हे सगळे तिथे बोलले जाते. भट्टीचे दार उघडले की ऊब अंगावर येते आणि आपला डबा बाहेर येईपर्यंत कोणालाच घरी जायची घाई नसते. हे तिने मला एकदा नव्हे, दरवर्षी सांगितले होते. मी ते ऐकले होते, पण ध्यानात घेतले नव्हते.

त्याच २०१८ च्या नाताळच्या सकाळी तिने माझ्या हातात काय ठेवले, तेही सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांचे उपासनेतल्या गीतांचे एक पुस्तक माझ्याकडे आहे. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या उपासनेत, त्याची चार पाने माझ्या हातातून निसटून खाली पडली होती आणि घरी परतताना, "आता हे पुस्तक काही टिकत नाही," एवढेच मी म्हणालो होतो. ते वाक्य मी विसरलो, तिने लक्षात ठेवले. ऑक्टोबरात तिने पुस्तक गुपचूप कपाटातून काढले आणि महाल भागातल्या एका जुन्या बाइंडरकडे नेले. पुस्तकाची नवी बांधणी झाली की बाइंडर तिन्ही बाजूंनी कडा कापून सारख्या करतो, ही नेहमीची रीत. परंतु वडिलांनी गीतांच्या शेजारी, अगदी कडेला, पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा लिहिलेल्या आहेत: हे गीत आजोबांच्या दफनविधीला गायले, हे माझ्या बाप्तिस्म्याला, हे धाकट्या आत्याच्या लग्नात. कडा कापल्या असत्या तर त्या तारखा कचऱ्याच्या टोपलीत गेल्या असत्या. म्हणून ती दुकानात उभी राहिली, प्रत्येक फॉर्म, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, पुन्हा दोऱ्याने शिवून घेतला, पाठीला कापड लावून घेतले आणि कडा मात्र जशाच्या तशा ठेवायला लावल्या. आज ते पुस्तक बाजूने पाहिले तर पाने वर-खाली, थोडी वेडीवाकडी दिसतात. मला त्याहून देखणी वस्तू माहीत नाही. बांधणीला तिने किती पैसे दिले हे मी विचारले नाही. माझ्या ओव्हनच्या किमतीचा तो अगदी लहानसा भाग असणार.

तेव्हापासून आमच्या घरात एक वही आहे. एकाच्या तोंडून वर्षभरात जाता-जाता काही निघाले तर दुसऱ्याने ते तारखेसह टिपून ठेवायचे आणि नाताळची भेट त्या टिपणांतूनच निवडायची, एवढाच नियम. २०२२ च्या जुलैत एका नातलगांच्या दफनविधीहून परतताना ती म्हणाली होती की आईच्या थडग्यावरची अक्षरे आता वाचता येत नाहीत. डिसेंबरात मी एका पेंटरला घेऊन दोन सकाळी दफनभूमीत गेलो. काथ्याच्या ब्रशने शेवाळ घासून काढले, दगड वाळू दिला आणि त्याने बारीक ब्रशने एकेक अक्षर काळ्या रंगात पुन्हा भरले. चोवीस तारखेला दुपारी शेवंतीची फुले घेऊन मी तिला तिथे नेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वाकून तिने आईचे नाव बोटाने वाचल्यासारखे अक्षरांवरून हात फिरवला. त्या रात्री उपासना आटोपून सदर भागातली रोषणाई पाहत आम्ही घरी आलो, दारातल्या कामट्यांच्या चांदणीतला दिवा लावला, करंज्या आणि केक खाल्ला, मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोललो. कागदात गुंडाळलेली एकही वस्तू त्या वर्षी घरात नव्हती.

याचा अर्थ नवी वस्तू विकत घेऊच नये असा नाही. एका वर्षी वहीत पाठदुखीचा उल्लेख तीन ठिकाणी सापडला, तेव्हा मी औषधाच्या दुकानातून रबरी गरम पाण्याची पिशवी आणली आणि ती भेट आजही रोज रात्री वापरात आहे. प्रश्न जुन्या-नव्याचा नाही आणि स्वस्त-महागाचाही नाही. ऑफिसांतून आणि शाळांतून हल्ली ‘सिक्रेट सांता’ खेळला जातो, त्यात रक्कम आधी ठरते आणि चिठ्ठीत नाव नंतर येते. मग ज्याची ओळख नाही त्याला फोटोफ्रेम जाते आणि ती पुढच्या वर्षी तिसऱ्याकडे पोचते. आपल्याकडच्या आहेरांचेही असेच झाले होते, म्हणून तर लग्नपत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापायची वेळ आली.

ज्या संत निकोलस यांच्यापासून सांताक्लॉजची कल्पना आली, ते चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा नगरीचे बिशप होते. त्यांच्याविषयी परंपरेने जी कथा सांगितली जाते ती अशी की, तीन मुलींच्या लग्नाच्या चिंतेत पडलेल्या एका गरीब बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोने टाकले. त्या कथेत सोन्याकडे सर्वांचे लक्ष जाते; मला मात्र वाटते, त्या घराची अडचण त्यांना ठाऊक होती, यातच त्या कथेचा जीव आहे. आपल्या नागपूरशी जोडलेलेही एक उदाहरण आहे. कवी ना. वा. टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला जात असताना एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना बायबलमधल्या नव्या कराराची एक प्रत दिली. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो सारा इतिहास मराठी वाचकांना ठाऊक आहे आणि धर्मांतराची चर्चा हा या पत्राचा विषयही नाही. मला त्यात एवढेच दिसते की, तो गृहस्थ आधी बोलत बसला, समोरचा माणूस वाचणारा आहे, विचार करणारा आहे हे त्याने ओळखले आणि मग पुस्तक काढले.

आमच्यासारखी, मुले दूर असलेली आणि सणाला दोघेच उरलेली जोडपी आज या शहराच्या प्रत्येक वस्तीत आहेत, मग सण नाताळ असो की दिवाळी. बाजारातली खोकी त्यांच्या दारातही येतात, मुलेच प्रेमाने पाठवतात, आणि पुष्कळदा ती माझ्या ओव्हनसारखी आवरण घालून कोपऱ्यात उभी राहतात. मुलांचा यात दोष नाही. फोनवर आईबाप "सगळे ठीक आहे" याखेरीज काही सांगत नाहीत, हेही खरे आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पुढील डिसेंबरात भेटवस्तूंची यादी द्यायचीच असेल, तर तिच्या जोडीला नागपुरात अजून काम करणाऱ्या कारागिरांचीही माहिती छापावी: दोऱ्याने शिवून पुस्तक बांधणारे, जुने फोटो नीट करून देणारे, पितळेच्या गळक्या भांड्याला डाग देणारे, शाईचे पेन आणि चावीची घड्याळे दुरुस्त करणारे, दगडावर अक्षरे कोरणारे. महालातल्या त्या बाइंडरचा पत्ता, त्यांची परवानगी घेऊन, मी आपल्या कार्यालयात आणून देईन. वयोमानाने ते आता दुपारी चारनंतरच दुकान उघडतात आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही, त्यामुळे पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबण्याऐवजी हे काम आधीच झाले तर बरे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
मोहननगर, नागपूर