घराच्या सह्या झाल्या

आई, बाबा,

काल घराच्या सह्या झाल्या. एवढं जुनं घर कशाला घेतलंत असं आई तू विचारलंस, फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

हे पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटटाउन. महायुद्धानंतर लेव्हिट नावाच्या बिल्डरने इथे 1952 ते 1958 मधे शेतजमिनीवर 17,311 घरं उभी केली, युद्धावरून परतलेल्यांना सरकारी हमीवर स्वस्त कर्ज मिळायचं. पण घर फक्त गोऱ्यांना. आणि हा एकट्या बिल्डरचा हट्ट नव्हता, कर्जाला हमी देणारं सरकारी खातंच कृष्णवर्णीय लोक राहतात त्या वस्त्यांना हमी नाकारत आलं होतं. तेही त्याच युद्धात लढले होते ना! ज्यांना तेव्हा घर मिळालं त्यांची घराच्या वाढलेल्या किमतीवर मुलं शिकली, बाकीचे भाडंच भरत राहिले.

1957 च्या ऑगस्टमधे विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब इथे आलं. विल्यम स्वतः माजी सैनिक, तीन मुलं, धाकटं तर अगदी तान्हं, आणि बाहेर रोज रात्री शेकडोंचा जमाव, दगडफेक, काचा फुटल्या. शेजारच्या ज्यू कुटुंबाने त्यांना साथ दिली. डेझी पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली. बाबा, पुण्यात खोली बघताना आडनाव विचारून तुम्हाला परत पाठवलं होतं ना, डेझीबद्दल वाचताना सारखं तेच आठवत होतं.

आमचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे, बाईने ओट्याशी उभं राहून अंगणातल्या मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून तसं बांधायचे. युद्धात कारखाने चालवलेल्या कितीतरी बायका अशा घरात आल्या, नवरा एकुलती गाडी घेऊन कामावर जायचा की दिवसभर कुठे जायची सोय नाही. आणि लोन देताना बँका बायकोचा पगार अर्धाच धरायच्या किंवा धरायच्याच नाहीत, मूल झालं की नोकरी सोडेल म्हणून. बाईला बाई म्हणून कर्ज नाकारायचं नाही हा कायदा आला थेट 1974 ला.

काल दोघांचे पगार धरून, दोघांच्या नावावर कागद झाले. सही करताना आई तुझी आठवण आली गं, शाळेतल्या पगारातून बावीस वर्षं हप्ते तूही भरलेस आणि फ्लॅटच्या कागदावर तुझं नाव नाही. बाबा, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला माहितीये. पण एवढं कराच, वकिलाकडे जाऊन तिचं नाव लावून घ्या, मी दिवाळीत येईन तेव्हा मला तो कागद बघायचाय.

तुमची,
मनू