४० इंची टायर आणि पुढचं सस्पेन्शन

मित्रा,

तुझं पत्र वाचून हसूच आलं, अख्ख्या पत्रात टायरचं कौतुक आणि पुढे सस्पेन्शन कुठलं टाकू हा प्रश्न पार शेवटच्या ओळीत. ४० इंची घ्यायचे हे तू ठरवून मोकळा झालायस तर त्यावर वाद घालत नाही, माझ्या मते तुझ्या वापराला ३७ पुरले असते पण तू ऐकणारा नाहीस. फक्त एक डोक्यात घट्ट बसव, ट्रक किती उंच करायचा हा प्रश्नच नाहीये. एवढं मोठं चाक वर येताना आणि वळलेलं असताना नेमकं कुठे जाणार, आणि तेव्हा स्टीअरिंगचं काय होणार, हा प्रश्न आहे. कॉइल की पाटे की कॉइलओव्हर (शॉकवरच चढवलेली कॉइल) हे त्याच्या मागून.

आधी तुझ्या ट्रकला आत्ता आहे ते इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर खाली होणारं. लोक त्याला उगाच नावं ठेवतात. अमेरिकी लष्कराची हम्वी बघ, चारही चाकं इंडिपेंडंट, ३७ इंची टायर, आणि खाली १६ इंच मोकळी जागा, कारण हबमध्येच गिअर आहेत त्यामुळे हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि डिफ (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) पार चासीत घुसवलेला. फोर्डचा रॅप्टर २०२१ पासून ३७ इंची टायरवर कंपनीतूनच मिळतो, पुढे इंडिपेंडंटच. मोकळ्या मैदानात, वाळूत, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर जोरात पळायचं असेल तर त्याला तोड नाही, कारण एका चाकाला बसलेली ठोकर दुसऱ्या चाकाला कळत नाही आणि हलणारं वजनही कमी असतं.

पण ते ट्रक त्या टायरसाठी मुळापासून बनवलेले आहेत, तुझा नाही. तू किट आणून बसवणार म्हणजे काय होणार, तर ब्रॅकेट लावून डिफ आणि खालचे आर्म सगळेच खाली सरकवणार, म्हणजे सीव्ही जॉइंटचा (हाफ शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा) कोन सरळ राहतो. गाडी वर गेली पण पोट तिथंच लटकत राहिलं! खाली जी जागा वाढली ती टायरमुळे वाढली, किटमुळे नाही. आणि ब्रॅकेट न लावता नुसता टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) पिळून उंच केलास तर सीव्ही जॉइंट कायम तिरका चालणार, त्याचं रबरी बूट फाटणार, आणि चाक खाली जायला जागाच उरणार नाही, गाडी प्रत्येक खड्ड्यात धाडकन आपटणार. शिवाय तुझं स्टीअरिंग रॅक अँड पिनियनचं, म्हणजे दातेरी पट्टीचं, आणि तिच्यापासून चाकांपर्यंत जाणारे ते बारीक टायरॉड. ४० इंची टायर दगडाच्या फटीत अडकलेला आणि तू जागेवर उभं राहून स्टीअरिंग वळवतोयस, तर आधी वाकणार तो टायरॉडच, तो नाही वाकला तर रॅक फुटणार.

तू लिहिलंयस की हळू, लो रेंजमध्ये, दगडधोंड्यातून जायचंय, मधूनमधून रस्त्यावरही चालवायचाय. तर मग माझं मत सरळ आहे, सॉलिड एक्सल टाक, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड नळीच्या टोकांना. हे काही नवीन नाही, अमेरिकेत विकला जाणारा टोयोटाचा फोर बाय फोर पिकअप १९८५ पर्यंत पुढे पाट्यांवरचा सॉलिड एक्सल घेऊन यायचा, १९८६ पासून टॉर्शन बारवाला इंडिपेंडंट आला, आणि तेव्हापासून लोक तो काढून परत सॉलिड एक्सल टाकतायत. सॉलिडमध्ये एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि डिफखालची जागा बदलत नाही. इंडिपेंडंटमध्ये दोन्ही चाकं दाबली गेली की डिफ चासीबरोबर खाली येतो, नेमका जेव्हा नको तेव्हा. उलट बाजूने हेही खरं की सॉलिडचा डिफ कायम खालीच असतो आणि तो फक्त टायरनेच वर जातो, आत्ताचे ३१ इंची काढून ४० केलेस म्हणजे साडेचार इंच, बस. स्प्रिंग कितीही उंच घाल, डिफखाली एक सूतही वाढत नाही, हे लिफ्ट किट विकणारे सांगत नाहीत.

आता सॉलिड एक्सल धरायचा कशाने. पाटे सगळ्यात सोपे, स्प्रिंगही तेच आणि एक्सलला जागेवर धरणारी लिंकही तेच, मोडले तर कुठेही जुळवता येतात. पण उंचीसाठी एक्सलच्या वर पाटे बसवले की एक्सल पिळ खातो, ब्रेकला आणि जोर लावताना पाटा इंग्रजी एस सारखा वाकतो, मग तो आवरायला वेगळा बार लावा. आणि स्टीअरिंग जुन्या पद्धतीचं पुढे मागे ढकलणारं असेल तर ते काढून आडवं करावंच लागतं, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते.

रेडियस आर्म म्हणजे दोन जाडजूड आर्म, प्रत्येक आर्म एक्सलला दोन ठिकाणी धरतो, आणि बाजूला सरकू नये म्हणून एक पॅनार्ड रॉड. फोर्डच्या १९६६ च्या ब्रॉन्कोत हेच होतं आणि टोयोटाच्या लँड क्रूझर ८० मध्येही हेच. रस्त्यावर मस्त, साधं, दणकट. पण एक चाक वर आणि एक खाली जायला लागलं की दोन्ही आर्म मिळून एक्सललाच पिळायला बघतात आणि पिळला जातो तो बुशचा रबर, म्हणजे चाकं जेवढी फाकायला हवीत तेवढी फाकत नाहीत. तुझ्या कामाला हे कमी पडेल.

चार लिंकचं त्रिकोणी सस्पेन्शन फोटोत फार देखणं दिसतं, तू पाठवलेल्या चित्रातही तेच होतं. पुढे लावू नकोस! कारण त्यात पॅनार्ड रॉड नसतो, एक्सल सरळ वर खाली जातो, आणि स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणारा दांडा, ड्रॅग लिंक, मात्र चापात फिरतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला चाक वळणार. त्याला पूर्ण हायड्रॉलिक स्टीअरिंग लागतं आणि तिथे स्टीअरिंग व्हील आणि चाकाच्या मध्ये लोखंडी जोडणीच उरत नाही, नुसते तेलाचे पाइप. रस्त्यावर चालवणार म्हणतोस तर ते नको.

म्हणून थ्री लिंक आणि पॅनार्ड रॉड. खाली दोन लिंक, वर एकच, आणि आडवा पॅनार्ड. पिळ नाही, मोकळं हलतं, रॅकऐवजी स्टीअरिंग बॉक्सही लावता येतो. यात सगळा खेळ वरच्या एकट्या लिंकचा आहे, ब्रेक दाबला की एक्सल पुढे फिरायला बघतो आणि ते सगळं ओढणं त्या एका लिंकवर आणि तिच्या ब्रॅकेटवर येतं. त्यामुळे बोल्ट जाड, ब्रॅकेटला मागून पट्टी, आणि एक्सलवर वरची आणि खालची लिंक यांच्यात टायरच्या उंचीच्या पाव तरी अंतर ठेव, तुझ्या टायरला म्हणजे १० इंच. हे कागदावर सोपं वाटतं, इंजिनखाली आडवा पडून बघशील तेव्हा कळेल की नेमक्या त्याच जागी एक्झॉस्ट, ऑइल पॅन आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट तिघे भांडत असतात.

पॅनार्डबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. समोरून बघितलं की पॅनार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत आणि लांबी जवळपास सारखी पाहिजे, दोन्ही चासीकडून एकाच बाजूने निघून दुसऱ्या बाजूला उतरणारे. असं असलं की दोघे एकाच चापात फिरतात आणि स्टीअरिंग शांत राहतं. लोक गाडी उंच करतात, ड्रॅग लिंक तिरका होतो, मग पॅनार्डचं एकच टोक वर करतात नाहीतर करतच नाहीत, आणि मग म्हणतात गाडी रस्ता सोडते. पुढचं टोक थडथडायला लागतं तो डेथ वॉबल पण बहुतेक इथूनच येतो, पॅनार्डचा बुश खाल्लेला, बोल्टचं भोक अंडाकृती झालेलं, बॉल जॉइंट ढिले. त्यावर मोठा स्टीअरिंग डॅम्पर लावणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं.

कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, ५ ते ६ अंश तरी ठेव. यात एक कात्री आहे, कॅस्टर वाढवायला एक्सल मागे फिरवलास की पिनियनचं (प्रॉपेलर शाफ्ट डिफला जोडतो त्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही हवं असेल तर नकल (चाक वळवणारा सांधा) बसतो ती सी आकाराची कडी एक्सलच्या ट्यूबवरून कापून फिरवून परत वेल्ड करावी लागते. एक्सल उघडा बाहेर पडलेला असतानाच हे काम उरकून घे, नंतर कुणी करत नाही.

एक्सल कुठला, तर ४० ला डाना कंपनीच्या हलक्या एक्सलवर, डाना ४४ वर, जाऊ नकोस, ३७ पर्यंत लोक चालवतात पण जपून. डाना ६० घे, ३५ स्प्लाइनचे (खाचांचे) शाफ्ट आणि पावणेदहा इंची क्राउन गिअर. जड आहे, हो, आणि ते सगळं स्प्रिंगखालचं वजन आहे, वेगात त्रास देणार, पण तुला वेग नकोय ना. गिअरचा हिशोब पण कर, आत्ता डिफमध्ये ३.७३ आहेत, ३१ चे ४० म्हणजे घेर २९ टक्के वाढला, नुसतं होतं तिथे यायलाच ४.८ लागतात. तू ५.१३ किंवा ५.३८ बघ, वजनही वाढणारच आहे. आणि मागच्या डिफलाही तेच, पुढे मागे वेगळे ठेवलेस तर ट्रान्सफर केस (पुढे मागे ताकद वाटणारा डबा) फुटेल. स्पीडोमीटरचंही कर काहीतरी, गिअर ३.७३ चेच राहिले तर ६२ दाखवेल तेव्हा तू ८० ने जात असशील. ब्रेकवरही तेवढाच जास्तीचा लिव्हर येतो, डाना ६० चे मोठे ब्रेक येतात ही त्यातली जमेची बाजू. स्टीअरिंगला हायड्रो असिस्टचा रॅम (तेलाच्या दाबाने वळवायला मदत करणारा) लाव, नाहीतर बॉक्सचा शाफ्ट पिळून निघेल.

उंची शक्य तेवढी कमी ठेव, उंची वाढवण्याऐवजी फेंडर काप. १४ इंची कॉइलओव्हर घेतलेस तर त्यातले ५ ते ६ इंच वर यायला राखून ठेव, बाकी खाली. वर यायला दोन इंचच ठेवणारे बरेच दिसतात, गाडी उभी असताना भारी दिसते आणि चालवताना प्रत्येक दगडाला बंप स्टॉपवर (एक्सल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) आपटते. रिमचा ऑफसेटही फार बाहेरचा घेऊ नकोस, टायर जितका बाहेर जाईल तितका वळताना चापात फिरून फेंडरला घासतो आणि बेअरिंगवर भार वाढतो.

आणि हे सगळं करताना काहीही पक्कं वेल्ड करायच्या आधी नुसतं टॅक कर (वेल्डचे दोनचार ठिपके), स्प्रिंग काढून ठेव, टायर चढव आणि जॅकने एक्सल पार वर बंप स्टॉपपर्यंत ने, मग पार खाली सोड, मग एकच बाजू वर आणि दुसरी खाली, आणि प्रत्येक वेळी स्टीअरिंग पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे. पॅनार्ड डिफच्या कव्हरला लागतो का, ड्रॅग लिंक ऑइल पॅनला लागतो का, टायर खालच्या लिंकला घासतो का, ब्रेकचा पाइप ताणला जातो का, खडूने खुणा करत जा. एक आख्खा दिवस जाईल, कंटाळा येईल, तरी कर.

आता मला चासीची बाहेरून बाहेर रुंदी, ऑइल पॅनच्या सगळ्यात खालच्या टोकापासून चासीच्या तळापर्यंतचं अंतर आणि स्टीअरिंग बॉक्सला जागा चासीच्या आत आहे की बाहेर हे पाठव, फोटो समोरून आणि खालून दोन्ही. त्याशिवाय वरची लिंक डावीकडे घ्यायची की उजवीकडे ते सांगता येणार नाही. आणि तोपर्यंत टायरची ऑर्डर देऊ नकोस, दिली असशील तर तसं स्पष्ट कळव.

तुझाच,
मित्र