विषय: जुन्या घराच्या भिंतींत कोंडलेली ओल आणि तुमच्या प्रतिनिधीचं काल दुपारचं उत्तर

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख आणि तांत्रिक विभागप्रमुख,

काल दुपारी तुमच्या प्रतिनिधीने माझं बोलणं पूर्ण होण्याआधी फोन ठेवला. तो माझा अकरावा फोन होता. बारावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या कंपनीने माझ्या जुन्या घराला नवं रूप दिलं, त्या कामाचा तपशील तुमच्याकडे आहेच. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर जलरोधक रंग. आतून पुट्टीचे दोन हात आणि धुता येणारा रंग. तुळयांखाली जिप्समचं सपाट छत, त्यात लपवलेले दिवे. लाकडी झडपांच्या जागी घट्ट बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. वरचे झरोके बंद, कोनाडे बुजवलेले. काम संपलं त्या दिवशी घर खरोखर देखणं दिसत होतं, मी ते नाकारत नाही. मला नवं रूप हवंच होतं. आईला पडवीतून आत येताना अंधारात ठेच लागायची, खोल्या काळवंडल्या होत्या. तुमचा माणूस फोटो काढून गेला आणि ते फोटो आजही तुमच्या जाहिरातीत आहेत.

चौथ्या महिन्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर फोड आले. बोटाने दाबला की फुटायचा आणि आतून पाणी ओघळायचं. पाचव्या महिन्यात पोपडे सुटले, मागे लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं पांढरं मीठ, फुललेला. आता आठवा महिना आहे. ओल कमरेच्या वर चढली आहे आणि आईच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आहे.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. बांधकामाची रसायनं बनवणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नाही असं मी धरून चालत नाही. माझ्या भिंती दीड फूट जाड, विटा आणि चुना. पायात ओल अडवणारा थर नाही, त्या काळी तो घालत नसत. जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जातं. पावसाळ्यात भिंत खाली ओलसर व्हायची आणि पाऊस सरला की सुकायची. आतलं मीठ चुन्यावर यायचं, चुना थोडा झडायचा, वडील पुन्हा चुना मारायचे. झडायचा तो चुना, वीट शाबूत राहायची. तुम्ही ती वाट बाहेरून सिमेंटने आणि आतून रंगाच्या पापुद्र्याने बंद केली. पाणी चढायचं थांबलं नाही, त्याची बाहेर पडायची वाट तेवढी गेली. आता मिठाचे स्फटिक रंगामागे आणि विटेच्या छिद्रांत वाढताहेत आणि विटेचाच भुगा पडतो आहे. गिलावा मागच्या भिंतीपेक्षा कणखर असू नये, हे जुन्या कामावरचा कुठलाही गवंडी सांगेल.

तुमच्याच पुट्टीच्या गोणीवर छापलेलं आहे: भिंत कोरडी हवी, सुटी भुकटी आणि जुना चुना पूर्ण खरवडून काढावा. गोणी मी जपून ठेवली आहे. पाहणीला आलेल्या तुमच्या माणसाने ओल मोजायचं यंत्र भिंतीला एकदाही लावलं नाही. त्याने तळहात फिरवला, हाताला पांढरी भुकटी लागली, ती त्याने विजारीला पुसली आणि म्हणाला, "भिंत मस्त आहे." मी शेजारी उभा होतो.

आता कालचं संभाषण. ते शब्दश: लिहितो, कारण तुमच्याकडे ध्वनिमुद्रण असेल आणि तुम्ही ते ताडून पाहावं अशी माझी इच्छा आहे.

"काका, घर किती वर्षांचं आहे?"

"तुमच्या पाहणीच्या कागदावर लिहिलंय."

"तेच. घर जुनं आहे. जुन्या घरात असं होतंच."

मी विचारलं, जुनं आहे म्हणूनच तुम्हाला बोलावलं ना? तुमच्या पत्रकावर 'जुन्या घरांसाठी खास' असं लिहिलेलं आहे. त्यावर तो म्हणाला, "तेव्हा चांगलं मटेरियलच नव्हतं. चुन्यात बांधायचे. ओल येणारच."

हे वाक्य मला रात्रभर झोपू देईना. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्याआधी हजारो वर्षं माणूस चुन्यात बांधत आला आणि त्यातलं कितीतरी आजही उभं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा दगड होत जातो. माझ्या आजोबांनी तो चुना स्वत: उभं राहून भिजवून घेतला होता. त्यांच्या कामाला वाईट म्हणणाऱ्या माणसाने त्यांची भिंत पाहिलेलीही नाही.

मी म्हटलं, "मग तुमच्या कामाआधी फोड का नव्हते?"

"असतील, तुम्हाला दिसले नसतील."

मी गप्प झालो. त्या घरात मी जन्मलो. कुठल्या भिंतीला कुठे पोचा आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्याने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ वेगळा घेतला आणि विचारलं, "घरात ओले कपडे वाळत घालता का?" मी म्हटलं, नाही. "स्वयंपाकाची वाफ?" मी म्हटलं, वाफ बाहेर जायला झरोके होते, ते तुम्ही बंद केले. मग तो म्हणाला, "वरून आमचा ओलरोधक प्रायमर मारून घ्या, तुम्हाला सवलत देतो. महिन्यात घर पुन्हा नवं."

"आणि आत कोंडलेलं पाणी?"

"काका, ते टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळणार."

आणि फोन बंद.

मला कळतं. जाड भिंत सुकायला इंचाला महिना असा ढोबळ हिशोब जुन्या बांधकामात धरतात. दीड फुटाची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी केली तरी नऊएक महिने लागतील. तिच्यावर महिन्याभरात आणखी एक थर चढवायचा सल्ला देणं म्हणजे आधीचीच चूक पुन्हा माझ्याच पैशाने करणं आहे. यंत्र लावून ओल मोजली असती तर हे सगळं टळलं असतं. मी हे दुसऱ्यांदा लिहितोय, कारण अकरा फोनांत एकाही माणसाने याचं उत्तर दिलेलं नाही.

माझी सगळ्यात मोठी काळजी मात्र भिंतीची नाही, छताची आहे. तुळयांची टोकं याच ओल्या भिंतींत रुतलेली आहेत. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणारी बुरशी धरते. पूर्वी मान वर केली की तुळई दिसायची. आता मधे जिप्सम आहे आणि त्याखाली माझी आई झोपत होती. गेल्या आठवड्यापासून तिला मधल्या खोलीत हलवलं आहे.

मला हवं आहे ते असं. दहा दिवसांत तुमच्या तांत्रिक विभागातला जबाबदार माणूस यंत्र घेऊन यावा आणि त्याने मोजमाप लेखी द्यावं. छत तुमच्या खर्चाने उघडून प्रत्येक तुळईचं टोक तपासावं. सिमेंट, पुट्टी आणि रंग काढून भिंती सुकू द्याव्यात आणि मग चुन्याचा गिलावा जाणणाऱ्या गवंड्याकडून काम करून द्यावं, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. झरोके उघडून द्यावेत. आणि माझ्या घराचे फोटो जाहिरातीतून आजच काढावेत. ते पाहून आणखी कुणी आपल्या चुन्याच्या भिंती तुमच्या हवाली करील, हे मला सहन होत नाही.

दहा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. गोणी, पाहणीचा कागद, फोडांचे तारखांसह फोटो आणि अकराही फोनांची नोंद माझ्याकडे आहे.

वडिलांनी आयुष्यभर दारं-खिडक्यांना तुमचाच तेलरंग वापरला. त्या विश्वासावर मी दुसऱ्या कुणाकडे चौकशीसुद्धा केली नव्हती. आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, माझ्या खोलीत परत कधी जायचं?

तुमचा ग्राहक
(पाहणीचा कागद, गोणीवरील सूचनांचा फोटो आणि फोनांची नोंद सोबत जोडली आहे.)