पगार थकले आणि सत्ता गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेची बातमी आपल्याकडे लष्करी बंड झालं तरच छापून येते. म्हणून बेनिनबद्दल चार ओळी लिहितो. पश्चिम आफ्रिकेतला हा देश आपल्यासारखाच कापसाचा. १९७२ मध्ये मॅथ्यू केरेकू या लष्करी अधिकाऱ्यानं सत्ता घेतली, पुढं एकच पक्ष उरला. १९८९ पर्यंत तिजोरी एवढी रिकामी झाली, की मास्तरांचे पगार महिनोन्‌महिने थकले. मास्तर संपावर गेले, पोरं रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी १९९० मध्ये देशातल्या निरनिराळ्या गटांच्या प्रतिनिधींची राष्ट्रीय परिषद बसली अन् तिनं स्वतःलाच सार्वभौम, म्हणजे सरकारच्याही वर, ठरवून टाकलं! मार्च १९९१ मध्ये बहुपक्षीय निवडणुकीत निसेफोर सोग्लो यांनी केरेकूंना हरवलं. केरेकूंनी निकाल मानला. गंमत म्हणजे १९९६ मध्ये तेच मतांवर परत निवडून आले.

त्याच १९९१ साली मी लोकसभेच्या ड्युटीवर होतो. लोखंडी पेटी, शाईची बाटली आणि कंदील. एक म्हातारी मतपत्रिकेची घडी घालून पेटीत टाकायच्या ऐवजी पदराच्या गाठीला बांधून निघाली होती. "माह्यं मत माह्याजवळच राहू दे ना बाप्पा," म्हणे. समजावता समजावता घाम फुटला.

त्या वर्षी आमचाही पगार तीन महिने उशिरा झाला होता. आम्ही निवेदन दिलं, चहा प्यायलो आणि घरी आलो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ